वकिलाचा जेवणखर्च

ज्याच्या घरी जेवायचं, त्याच्याचकडून जेवणाचे पैसे वसूल करायचे, याला वकिली म्हणतात? ऐका तर.

पाथर्डीच्या माझ्या आत्यानं बांधाचा दावा जिंकला. वकिलानं बिल दिलं, त्यात जागापाहणीचा जेवणखर्चही लावलेला. पैसे दिल्याशिवाय जमिनीचे कागद परत देईना. आणि पाहणीच्या दिवशी हा गृहस्थ आत्याच्याच ओसरीवर कोंबडी खाऊन गेलेला!

वकिलाचं बिल कोर्टाला तपासता येतं, हे मी वाचलं होतं. आत्याला अर्ज करायला लावला. न्यायाधीशांनी तिला सरळ विचारलं, “बाई, त्या दिवशी वकील कुठं जेवले?”

आत्या पदर सावरत खाली बघायला लागली. तिच्या वतीनं सांगायला मी उठलो, तर न्यायाधीशांनी मलाच विचारलं, “तुम्ही तिथं होता?”

नव्हतो. नगरला कॉलेजात होतो. वकील खुशाल छताकडं बघत उभा. बिल जसंच्या तसं मंजूर!

बाहेर येताच मी ओरडलो, “आत्या, बोलली का नाहीस?”

“आलेल्याला जेवू घातलं, ते चारचौघांत बोलून दाखवू व्हय रं?”

दारातला पट्टेवाला ऐकत होता. म्हणाला, “मावशी, पुढच्या बारीला वकिलाला वाढताना पंगतीत दोन साक्षीदार बी बसवा.”