पासवर्ड सर्वांना माहीत

...आणि वर मलाच विचारतो, "आजी, तुम्हाला की-बोर्डची सवय आहे का?" कोणाला विचारतो? मला! ज्या खोलीत तो टाय लावून उभा होता त्या खोलीत मी बावीस वर्षं काढली, त्या की-बोर्डवरचं 'ई' माझ्या बोटानं पुसलं गेलंय, आणि हा मला सवय विचारतो! शिकलेली माणसं हो, शिकलेली! आपण काय बोलणार?

तुम्हाला सांगते, मुळात मला बोलवायलाच यांना तीन दिवस लागले. पाणीपुरवठ्याचं ऑफिस, आणि पाणी कुठे, तर रस्त्यात! मोठी पाइपलाइन फुटली, तीही नेमकी माझ्या धाकट्या जावेच्या गल्लीत. आता जावेचं आणि माझं अकरा वर्षं बोलणं नाही, कारण विचारू नका, चूक तिचीच. पण तिनंसुद्धा फोन केला! "जाऊबाई, पलंगावर बसून बोलतेय, घरात चपला तरंगताहेत, तुमच्या त्या ऑफिसला सांगा ना काहीतरी." अकरा वर्षांनी पहिलं वाक्य, आणि त्यात 'तुमच्या त्या ऑफिसला'! मी रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण पाणी घरात शिरलं की ऑफिस माझं.

बरं, पाणी थांबवायचं म्हणजे त्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. टाकीचाच करा म्हणाल, तर हॉस्पिटलसकट अख्खं गाव कोरडं. मग गल्लीचा व्हॉल्व्ह कुठाय? डांबराखाली. कुठल्या डांबराखाली? ते नकाशात. नकाशे कुठायत? कागदावरचे वाळवीनं खाल्ले, वाळवीला पासवर्ड लागत नाही ना! उरले ते आमच्या जुन्या युनिक्सच्या मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. मीच काढलेले, एकेक व्हॉल्व्ह, उन्हात पावलांनी अंतर मोजून. माझं त्यातलं खातं यांनी मी रिटायर झाले त्याच दिवशी बंद केलं, निरोपाचा चहा गार व्हायच्या आत. आता आत जायचं तर मशीनच्या मालकाचाच, म्हणजे मुख्य खात्याचाच पासवर्ड हवा, आणि तो हरवलेला. कुठे ठेवलं होतं मशीन? कोपऱ्यात, वर कुंडी. कुंडी! शिकलेली माणसं हो!

तो पासवर्ड होता मौनी साहेबांकडे. मशीन सांभाळायचे ते. दिवसाला मोजून चार शब्द बोलायचे, त्यातले दोन 'हूं' आणि 'बरं'. माझ्यामागून वर्षभरानं ते रिटायर झाले आणि जाताना पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवून गेले: 'पासवर्ड बदलला आहे. नवीन पासवर्ड सर्वांना माहीत.' झालं! आता सर्वांना म्हणजे कोणाला? मोठ्या साहेबांनी खरोखरच सर्वांना विचारलं हो. शिपायाला विचारलं, पंपवाल्याला विचारलं, झाडूवालीलासुद्धा विचारलं. ती म्हणाली, "साहेब, मला माझ्या नवऱ्याच्या मनातलं माहीत नाही, मशीनच्या मनातलं कुठून सांगू?" शेवटी थेट मौनी साहेबांना फोन. तर ते म्हणाले, "सर्वांना माहीत." आणि ठेवला! पुन्हा केला. "अहो, पण आहे काय?" "सर्वांना माहीत!" जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा उचललाच नाही. मोठे साहेब लालबुंद! "बघा, खुर्ची सुटली तरी माज सुटत नाही!" हे ऐकलं तेव्हा मीही म्हटलं, मेला खडूस तो खडूसच.

मग आणला टायवाला. तज्ज्ञ म्हणे! मी पोचले तेव्हा तो पेनड्राइव्ह हातात घेऊन मशीनला भोक शोधत होता. अरे, त्या मशीनच्या जन्माच्या वेळी तुझा पेनड्राइव्ह कोणाच्या पोटातसुद्धा नव्हता! मग बसला पासवर्ड मारत. एक दोन तीन चार मारून झालं, मोठ्या साहेबांचा वाढदिवस मारून झाला, मौनी साहेबांच्या बायकोचं नाव, मग कुत्र्याचं नाव... कुत्रा नव्हताच त्यांच्याकडे! आणि थकल्यावर मान वर करून काय म्हणतो? "सर, डिस्क फॉरमॅट करून टाकू. जुना कचरा आहे सगळा." कचरा! मी पर्स टेबलावर आपटली. म्हटलं, "बाळा, आधी मला फॉरमॅट कर, मग डिस्कला हात लाव." तिकडे जाऊ पलंगावर, इकडे माझी बावीस वर्षं याच्या एका बोटाखाली!

माझं शिक्षण विचारता? सातवी. नकाशे गिरवायच्या कामावर लागले होते. मशीन आलं तेव्हा त्याच्याबरोबर उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक आलं. तेव्हाच्या साहेबांनी त्याचं काय करावं? खिडकी वाऱ्यानं मिटू नये म्हणून लावलं तिथे! मी ते काढलं, खिडकीला वीट लावली, आणि डब्याच्या सुट्टीत मांडीवर शब्दकोश घेऊन दोन वर्षं वाचलं. पानन् पान! वीट अजून आहे तिथे.

म्हटलं, "सरका." खालच्या खणातून सिस्टीमची सीडी काढली, मीच जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेली. स्टॉप आणि ए, दोन बटणं एकदम दाबली. मशीन थबकलं, पडद्यावर 'ओके' आलं. टायवाला दचकून, "हे काय झालं?" म्हटलं, "या ऑफिसात कितीतरी वर्षांनी कोणीतरी ठीक आहे म्हटलं." मग सीडीवरून मशीन उठवलं. म्हणजे पुढचं दार बंद तर मागच्या दारानं आत! आत पासवर्डांची एक फाइल असते, तिचं नाव शॅडो, सावली. तिच्यात मालकाची ओळ: नाव, दोन टिंबं, मग तेरा अक्षरांचं काहीतरी गचाळ, पुन्हा दोन टिंबं. टायवाला ओरडला, "सापडला!" आणि ते गचाळ वहीत उतरवायला लागला! अरे बाबा, तो पासवर्ड नव्हे, पासवर्डाचं पीठ आहे ते. पीठ चाळून गहू परत मिळतो का? फक्त पुसायचं. पुसलं, टिंबांना टिंबं भिडवली, की मालकाच्या दाराला कुलूपच नाही. पुसलं. मशीन पुन्हा सुरू केलं. पासवर्ड विचारला, मी काहीच न लिहिता एंटर मारलं... आणि उघडलं! टायवाला म्हणतो, "हे आम्हाला शिकवलं नव्हतं." शिकलेली माणसं हो!

नकाशा काढला. बेकरीसमोरच्या दिव्याच्या खांबापासून अकरा फूट, रस्त्याच्या मधोमध. खणलं, तिथेच व्हॉल्व्ह. फिरवला, पाणी बंद! जावेचा फोन आला, "ओसरलं हो. या कधीतरी." मी म्हटलं, "बघू." लगेच कशाला हो म्हणायचं?

पण गेले दुसऱ्या दिवशी. खड्डा बघायला. तर खड्ड्याच्या कडेला कोण उभं, मौनी साहेब! मी सोडते होय? भर रस्त्यात सुनावलं. "लोकांची घरं बुडाली, जावेच्या चपला तरंगल्या, आणि तुम्ही फोनवर तोऱ्यात सर्वांना माहीत, सर्वांना माहीत! अहो, पासवर्ड सांगायला जीभ झिजते का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सांगितला की."

"काय सांगितला?"

"सर्वांना माहीत."

"पुन्हा तेच!"

"तोच पासवर्ड. 'सर्वांना माहीत'. इंग्रजी अक्षरांत, जोडून." आणि मग तो माणूस जन्मात बोलला नसेल एवढं मोठं वाक्य बोलला. "ते मशीन पहिली आठच अक्षरं बघतं, म्हणजे नुसतं 'सर्वांना' लिहिलं असतं तरी उघडलं असतं."

"मग चिठ्ठीत अवतरणचिन्हं द्यायची होती!"

"कशाला?"

मी तिथेच बोटांवर मोजलं. एस, ए, आर, व्ही, ए, एन, एन, ए. आठ. आणि आठ अक्षरांचा तो नियम पुस्तकात आहे हो, मी पेन्सिलनं खूण केलेल्या पानावर! ती चिठ्ठी त्या दिवशी मी स्वतः दहादा वाचली. मोठ्यानं वाचली! सगळ्यांसमोर, हात नाचवून पासवर्ड ओरडत होते मी, आणि मशीन समोर बिचारं ऐकत होतं.

टायवाल्याचं काय, मोठ्या साहेबांचं काय, त्यांना निदान शिकल्याचं निमित्त आहे. मी कुणाच्या नावानं बोटं मोडू? मी तर शिकलेलीसुद्धा नाही!