दोनच बटणं

रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलेल्या तुळसाबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढची रहिमा दुकानदाराला सोडत नव्हती.

"टीव्ही आणि व्हीसीआर, दोन्हींना चालेल असा एकच रिमोट हवा."

"वहिनी, दुबईहून दोन आलेत ना?"

"एक सासूच्या उशाखाली, दुसरा दिराच्या खिशात. यांनी तिकडून स्वतः बोललेली कॅसेट पाठवलीय. त्यात माझं नाव आलं की सासू आवाज घालवते, दीर हसत पुढे पळवतो."

"मग उठून व्हीसीआरवरचंच बटण दाबा."

"सासऱ्यांच्या पुढ्यातून? मी मागे, माजघराच्या दारात बसते. तिथून चालायला हवा."

"चालेल. पण मुंबईहून मागवायचा म्हणजे महिना जाईल."

"जाऊ दे."

"त्याला बटणं ढीगभर असतात हो."

"मला दोनच शिकवा. आवाज वाढवायचं आणि पळती कॅसेट थांबवायचं."