बंबात गेलेलं चिपाड

साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या शकूताईंच्या मागं आजी-नातीची जुंपली होती.

"आज्जे, प्रयोगासाठी वाळवलेलं उसाचं चिपाड बंबात घातलंस! उद्या सरांना काय दाखवू?"

"तुझ्याच आंघोळीचं पाणी तापवलं की गं."

"चिपाड हवा न लागू देता तापवलं की त्याचं तेल होतंय. त्यावर गाड्या पळतील!"

"मग हे पोतं काय मिरवायला आणलंय? गुऱ्हाळावरनं मागून पत्र्यावर वाळवलंय."

"बघू... कडकडीत हाय! आज्जे, उद्या प्रयोग होणार!"

"व्हणारच. भांडं केवढं हाय तुझं?"

"तांब्याएवढं."

"आन् मी पोतंभर वाळवलं व्हय!"

गाडी लागली. माहेरचं गुऱ्हाळ सुटल्यावर पहिल्यांदाच शकूताईंनी चिपाडाच्या पोत्याला हात लावला, आजीबरोबर ते गाडीत चढवायला.