तोंड दाखवून बोला

नाही गो बाय, जागेचा प्रश्नच नाही, पोरगी हुशार आहे ते दिसतंच आहे – पण माझ्या वर्गात नको, शहरात तसल्या मुलांची वेगळी शाळा आहे म्हणतात, तिथे घाल. काय? घरवाला ट्रकावर, तू काजूच्या बागेत मजुरीला, रोज नेणार कोण? तेही खरंच. बस, ती कदेल ओढून घे – आणि तेजूला सांग, जनेलाजवळच्या, उजेडातल्या त्या बाकावर नको. तिथे कोण बसत नाही. का म्हणजे? नाही बसत म्हणून नाही बसत!

हे बाक असे वाटोळे कोणी मांडले? मीच मांडले. एकामागे एक असते तर साईशला मागच्यांची तोंडं दिसली नसती. साईश म्हणजे – होता एक, तुझ्या तेजूसारखाच, कानाला यंत्र, पण यंत्राने शब्द कळत नाही गो, नुसता कालवा कळतो, तुला सांगायला नको. ओठ बघून समजायचा तो. मग मी बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, करकर नको म्हणून. घंटेबरोबर दारावरचा तो दिवा पेटतो, तोही मीच लावून घेतला. फळ्याकडे तोंड करून बोलायचं सोडलं – इतक्या वर्षांची सवय, सुखासुखी जाते होय? आणि वर्गातल्या भुरग्यांना शिस्त घातली – साईशला हाक मारायची नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. हात हलवायचा, तो बघेपर्यंत थांबायचं, मग तोंड दाखवून बोलायचं. दुसऱ्या शाळांच्या बाई बघायला यायच्या हो! साईश पाढे म्हणायचा, वाकडेतिकडे – पण हात सगळ्यांच्या आधी वर. मला किती बरं वाटायचं!

मग? मग काय – ती बंद पडलेली खाण, खड्ड्यात पाणी साठलंय, तुमच्या खोलीवरून दिसतं ना? शाळा सुटल्यावर चेंडू गेला म्हणून हा उतरला. यंत्र काढून, शर्टात गुंडाळून काठावर ठेवलं, भिजू नये म्हणून. आणि पाठमोरा पुढे पुढे. पुढे खोल आहे ते बाकीच्यांना ठाऊक. काठावर सगळी माझीच भुरगी – आणि त्यांनी काय केलं सांगू? हात हलवले. नुसते हात हलवत राहिली गो, तो वळेल, बघेल, मग सांगू म्हणून. पलीकडच्या कुळागरात माणसं सुपारी काढत होती, एक किंकाळी पुरली असती! एकाच्या तोंडून आवाज निघाला नाही. शिस्तीत उभी राहिली.

रडू नको. हे तुला सांगणारच नव्हते मी. कोणी मला बोल लावला नाही, त्याच्या आईनेसुद्धा नाही – ती म्हणाली, बाई, तुमच्या वर्गात तो हसायचा. तेच गो, तेच मला दोन घास सुखाने गिळू देत नाही. एकदा बाक परत सरळ लावले, तर दुसऱ्या दिवशी भुरग्यांनी वाटोळे करून ठेवलेले. ती भुरगी तर कधीच हायस्कुलात गेली. आत्ताच्या या बारक्यांनी साईशला बघितलेलंही नाही, मोठ्यांचं बघून शिकली असतील – पण उत्तर द्यायला उठली की आधी त्या रिकाम्या बाकाकडे हात हलवतात. थांबतात. मग बोलतात. दटावलं तरी ऐकत नाहीत. कोणासाठी थांबतात? तिथून कोण बघतं त्यांना? म्हणून म्हणते, नको. परत एक पोर घ्यायचं, परत सगळं शिकवायचं, आणि परत –

दिवा पेटला, सुट्टी संपली. आली बघ भुरगी धावत. अगो, तेजू कुठे गेली? आत्ता तर तुझा पदर धरून होती – उठव तिला त्या बाकावरून! उठव म्हणते ना!

थांब. थांब जरा. तो गणेश बघ, समोर जाऊन उभा राहिला. हात हलवतोय. तिने – तिने बघितलं त्याच्याकडे.

काय बोलला तो? हसली ती.

...जा तू. कामाला जा, राहू दे तिला. संध्याकाळी मीच आणून सोडीन, खाणीकडून नाही, वरच्या वाटेने. ए भुरग्यांनो, पुस्तकं बंद! सगळे बाहेर चला, पटांगणात. आज ओरडायला शिकायचं. घसा फुटेपर्यंत, पलीकडच्या कुळागरातली माणसं धावत येईपर्यंत – तू अजून उभीच? जा म्हटलं ना!