जोडप्यांनाच प्राधान्य

हाउके : हात धर माझा.

वीब्के : अजून दुसऱ्याच मजल्यावर आहोत आपण. बघायचं घर पाचव्यावर आहे.

हाउके : रांगेतले लोक बघतायत. त्यातलाच कुणीतरी वर जाऊन घरमालकिणीच्या कानात सांगेल.

वीब्के : वेगळे झालो तेव्हा एकमेकांचा हात धरायचा नाही, एवढी एकच गोष्ट दोघांना मान्य होती.

हाउके : वेगळे झालो ते खरं, पण गेलो कुठं? तू खोलीत, मी स्वयंपाकघरात. फ्रिजशी माझी इतकी ओळख झालीये, की तो घोरायचा थांबला की मला जाग येते.

वीब्के : मला सिल्या येते तेव्हा जाग येते. तुझी ही नवी मैत्रीण रोज सकाळी माझ्या कपातून कॉफी पिते आणि मलाच विचारते, नीट झोपलीस ना.

हाउके : तिचे उपकार विसरू नकोस. हॅम्बुर्गमध्ये एकटीला कुणी घर देत नाही, जोडपं म्हणून जा, दोन पगार दाखवा, ही कल्पना तिचीच. अर्जाबरोबरचा आपला मिठीतला फोटोही तिनंच काढला.

वीब्के : ‘अजून जवळ, अजून जवळ’ म्हणत होती.

हाउके : काम मनापासून करते ती.

वीब्के : हे बघ, घर मिळालं की इथं मी एकटी राहणार. तू फक्त आज माझ्यावर प्रेम करायचंस. वर जाऊन खाली येईपर्यंत. ठरलंय ना?

हाउके : ठरलंय. त्या पुढच्या दोघांकडे बघ. बाळ घेऊन आलेत.

वीब्के : ते बाळ मघाशी दुसऱ्याच जोडप्याकडे होतं. ते घर बघून बाहेर पडले, तेव्हा जिन्यात यांच्याकडे दिलं.

हाउके : हे आपल्याला सुचायला हवं होतं.

(पाचव्या मजल्यावर घरमालकीण डीर्कसेन बाई दार उघडून दोघांना आत घेतात.)

डीर्कसेन बाई : या. बूट बाहेर. ही एक खोली, ही दुसरी. मधे दार, कडी दोन्ही बाजूंनी.

वीब्के : दोन्ही बाजूंनी?

डीर्कसेन बाई : दार ओकच्या लाकडाचं आहे. पलीकडचं काही ऐकू येत नाही.

हाउके : आणि इथं भिंतीला नुसताच नळ कसा?

डीर्कसेन बाई : हे स्वयंपाकघर. जाताना ओटा-कपाटं सगळेच भाडेकरू नेतात, त्याचं काही नाही. पण आधीचे दोघं भांडून वेगळे झाले. तिनं सिंक नेलं, त्यानं शेगडी. ओटा मधोमध करवतीनं कापला.

हाउके : बरोब्बर निम्मा?

डीर्कसेन बाई : तिनं मोजपट्टी धरली होती. त्यांनी मिळून केलेलं शेवटचं काम. तुम्ही किती वर्षं एकत्र आहात?

वीब्के : सहा.

हाउके : साडेपाच.

डीर्कसेन बाई : नक्की किती?

वीब्के : पहिले सहा महिने मी एकटीच एकत्र होते.

डीर्कसेन बाई : चला, कुणीतरी खरं बोललं. सकाळपासून माझ्यासमोर मुके घेणं चाललंय सगळ्यांचं. तुम्ही दोघं तर एकमेकांकडे बघतही नाही. अशीच माणसं टिकतात. आमचे हे आणि मी चाळीस वर्षं टिकलो. घर तुमचं.

वीब्के : आमचं?

डीर्कसेन बाई : एकच अट. आधीच्यांसारखा तमाशा मला नको. चार वर्षं घर सोडायचं नाही. सह्या दोघांच्या, राहायचंही दोघांनी. मी खालच्याच मजल्यावर राहते, कोण चालतंय ते मला ऐकू येतं. विचार करा, मी घंटीजवळची नावाची पाटी शोधून आणते.

हाउके : चल, निघू. पुढच्या आठवड्यात दुसरं बघू.

वीब्के : दुसरं कुठलं? परवा पाहिलं त्याला खिडकी नव्हती. खिडकीचं चित्र होतं. त्यालाही रांग होती.

हाउके : अगं, चार वर्षं. सिल्याला काय सांगू मी?

वीब्के : सांग, तुला खोली मिळाली. हाउके, आत्ता जिथं राहतो तिथं मला रडायचं असलं तर नळ सोडून ठेवावा लागतो. इथं दार आहे. आपल्याला वेगळं व्हायचं असेल, तर एकत्र राहण्यावाचून गत्यंतर नाही.

हाउके : हे पटतंय तुला?

वीब्के : नाही. परवडतंय.

डीर्कसेन बाई : झालं का बोलून? पाटी एकच आहे, पण दोन्ही आडनावं मावतील. काय लिहू?

हाउके : फेडरसन.

वीब्के : आणि लोरेन्झेन. मधे जरा अंतर ठेवा.