शिकारी पाहिजे, पण गळका नको!

...आणि वर बाबा म्हणतात कसे, "एवढं साधं काम, तेही जमेना तुला?" साधं! तुम्हाला सांगतो, घरात कुत्रा आणणं हे साधं काम असेलही, पण आमच्या घरात कुत्रा आणायचा म्हणजे दोन सरकारांची मान्यता लागते. एक सरकार गॅलरीतल्या खुर्चीत बसतं, ते आमचे बाबा. दुसरं शिलाई मशीनवर बसतं, ती आमची ही. आणि मी? मी मधला शिपाई! इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे!

झालं काय, आई गेल्यापासून बाबा बोलायचेच बंद झाले हो. जेवायला हाक मारली की यायचे, "पुरे" म्हणायचे, उठायचे. दिवसभरात तो एक शब्द. आणि एके सकाळी चहा पिता पिता अचानक म्हणाले, "कुत्रा आणू या." मी कप खाली ठेवला! इतक्या महिन्यांत माणसानं पहिल्यांदा काही मागितलं! मी म्हटलं, "आणू की बाबा, कुठला आणू?" तर ताठ बसून म्हणतात, "शिकारी. तुफानसारखा."

आता तुफान कोण ते सांगायला हवं. मी लहान असताना बाबा तलावावर चौकीदार होते आणि तुफान हा त्यांचा कुत्रा. तांबूस, लांब पायांचा, आणि केस म्हणाल तर... अहो, तो केस गाळायचा नाही, वाटायचा! माझ्या शाळेच्या पँटवर तुफान, आईच्या शालीवर तुफान, दुधावरच्या सायीत तुफान! आई रोज झाडू मारताना ओरडायची, "या घरात माणसं कमी आणि केस जास्त!" आणि हा शिकारी होता बरं का. गवतातून ससा अचूक उठवायचा, बाबा बंदूक उचलायचे, ठो! ससा आपला आरामात पलीकडे. बाबांचा नेमच असा, की सशांनी पळणं सोडून चालायला सुरुवात केली होती! मग तुफान मागे वळून बाबांकडे बघायचा... काय बघायचा! आमच्या हेडमास्तरांनीसुद्धा माझ्याकडे कधी तसं बघितलं नाही. आणि दोघं रिकाम्या हातानं घरी यायचे, चिखलानं माखलेले, खूश! आई दारातच अडवायची, "आधी पाय धुवा! दोघंही!"

तर असा कुत्रा हवा होता बाबांना. मी हिला सांगितलं. मशीन थांबलं. तुम्हाला सांगतो, ते मशीन थांबलं ना, की मी आपला दाराकडे सरकतो. ही वकिलांचे कोट शिवते. काळे! पुढच्या खोलीत बघाल तिथे काळा कोट. "अहो," ही म्हणाली, "कोर्टात वकीलसाहेब उभे राहणार आणि पाठीवर कुत्र्याचा केस? माझ्याकडे कोण येईल परत? बाबांना हवाय ना, आणा. शिकारी आणा, वाघ आणा. पण केस गळता कामा नयेत!"

झालं! शिकारी पाहिजे आणि केस गळता कामा नयेत!

एका कुत्रेविक्याला फोन लावला. "साहेब, शिकारी हवा तर गळणार. न गळणारा हवा तर मातीचा घ्या, शोकेसमध्ये ठेवा." ठेवला फोन! दुसऱ्याकडे गेलो. त्यानं एक आखूड केसांचा दाखवला, म्हणाला, हाही शिकारी, केस नावालाच गळतात, आणि कमाल म्हणजे भुंकतच नाही! ही खूश. बाबा? "भुंकत नाही? मग बोलायचं कुणी घरात?" आता हे कुणी विचारावं! तिसऱ्यानं तारेसारख्या राठ केसांचा दाखवला. हिनं पिशवीतून काळ्या कापडाचा तुकडा काढला, त्या कुत्र्याच्या पाठीवर घासला, उजेडात धरला आणि म्हणाली, "नापास!" कुत्रासुद्धा ओशाळला हो!

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिघंही. मी हात जोडले, म्हटलं, "बाई, शिकारी पाहिजे आणि केस गळता कामा नयेत!" त्या हसल्या. "अजिबात न गळणारा कुत्रा नसतो. कमी गळणारा मिळेल. मोठा पूडल घ्या." आणि चित्र दाखवलं, पायांना आणि शेपटीला केसांचे गोंडे ठेवून बाकी भादरलेला कुत्रा. बाबांनी चष्मा चढवला, उतरवला. "हा? हा तर न्हाव्याकडून आलाय!"

"आजोबा, ती फॅशन माणसांची. मूळचा शिकारी आहे हा. गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक उडी मारून तोंडात धरून आणायचा. मात्र रोज विंचरावा लागेल, नाहीतर केसांच्या गुठळ्या होतात."

मला वाटलं, सुटलो! तर बाबा खाली बघत म्हणाले, "न गळणारा नको मला." मी डोक्याला हात लावला. पण ते बोलतच राहिले... इतकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "तुफान गेला ना, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तुझ्या आईच्या झाडूत कपाटाखालून त्याच्या केसांचा गोळा आला. रोज ओरडायची ती केसांवरून. त्या दिवशी ओरडली नाही. बघत राहिली. आणि झाडूनंच हळूच परत आत सारला. घर बदलेपर्यंत तिथंच होता तो. ज्याचे केस गळत नाहीत, त्याचं मागे काय राहणार रे?"

मला हे माहीतच नव्हतं हो. मला आपलं आईचं ओरडणं तेवढं आठवत होतं...

ही डोळे पुसत म्हणाली, "बाबा, गळणारा आणू. मी कोटांवर चादर घालीन." तर बाबा म्हणतात, "नको गं, तुझं काम आहे. हाच आणू, गोंडेवाला." "नाही, गळणाराच!" "न गळणाराच!" अहो, इतके दिवस उलटे भांडले, आता सुलटे भांडायला लागले! आणि मधे कोण? मीच!

शेवटी बाबा जिंकले. पूडल आला. काळाभोर, कुरळा. बाबांनी नाव ठेवलं वकील. केस खरंच जवळजवळ गळत नाहीत, हिनं पांढरं कापड घासून खात्री केली. बाबा रोज गॅलरीत बसून त्याला विंचरतात आणि तोंडाचा पट्टा सुरू! तलाव काय, ससे काय, आईनं दोघांना दारात कसं अडवलं काय... तो मान वाकडी करून सगळं ऐकतो. "वकील, गप बस! वकील, तंगडी दे!" परवा खरेखुरे वकीलसाहेब कोटाचं माप द्यायला जिन्यात आले होते, ते तिथूनच परत फिरले!

फक्त एक झालं. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या, तो शिकारीच निघाला. इमारतीत बदकं नाहीत, पण दारोदार चपला आहेत! दार उघडं दिसलं की सुटतो, एकेक चप्पल तोंडात धरून आणतो, दाताचा एक ओरखडा नाही, अलगद बाबांच्या पायाशी ठेवतो, आणि बाबा छाती फुगवून ओरडतात, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

तेव्हा सध्या कामावरून आलो की मी पिशवी घेऊन निघतो, एकेका दाराची बेल वाजवतो आणि विचारतो, "ही डावी तुमची का हो?" शिकार तो करतो, शाबासकी बाबा देतात, आणि माफी मागत मजले मी चढतो... चला, अजून वरचा मजला राहिलाय!