पाठीवरचा ठेका

मी मूळची भिवपुरीकडची, नाव शेवंता. माहेरी शेती आन् घराला लागून बापाची भाताची गिरण, तिच्या धडधडीतच आमी जेवलो, झोपलो, भांडलो. बा जेवायला बसला की घास तोंडात आन् कान गिरणीकडं, मंग म्हणायचा, शेवंते, पट्टा सरकतोय गं, जा जरा राळ टाक, आन् मी जायची तर खरंच पट्टा सरकत असायचा. पुढं पुढं त्यानं सांगायच्या आदी मीच उठायची. शाळेत माझं डोकं काय चाललं नाय, पण गिरणीचं पोट कुठं दुखतंय ते मला लगेच कळायचं. लग्न करून चौक गावाला आले ती पण गॅरेजवाल्याच्या घरात, म्हंजे बघा, शांतता माझ्या नशिबातच नाय, आन् खरं सांगू, मला ती सोसत पण नाय.

आमच्या मालकांचं गॅरेज जुन्या हायवेला, ढाब्याच्या बाजूला. ट्रक, जीप, टेंपो, सगळा जन्म घण मारण्यात गेला आन् त्यात कान गेले. एकदम नाय गेले, हळूहळू. पयली गेली कुकरची शिट्टी. मी शेजारी जाताना सांगायची, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, परत यायची तर डाळीचा कोळसा आन् हे समोर पेपर वाचत बसलेले. डॉक्टरकडं चला, डॉक्टरकडं चला, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची, मेकॅनिक बहिरा हाय कळलं तर कोण फिरकेल इकडं? आन् त्यांचं निभायचं पण, कारण काय सांगू तुमाला, गिऱ्हाईक आलं की गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवतंच. चांगली इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं आमच्या दारात उभी राहून कुईकुई, खडखड, फुसफुस करतात, मी पदर तोंडाला लावून हसायची. हे त्यांच्या ओठांकडं बघायचे आन् मान हलवायचे, कळलं कळलं.

मंग आल्या त्या चार जाड चाकांच्या, हॅण्डलच्या गाड्या, एटीव्ही म्हणतात. कर्जतकडं रिसॉर्टं वाढली तशा ह्या पण वाढल्या. तिकडचाच प्रथमेश, शेतकऱ्याचा मुलगा, बायकापोरांचा माणूस, त्यानं पाहुण्यांना माळावर फिरवायला एक घेतली. आता हाय तशी चालवली तर तो प्रथमेश कसला. मोठी टायरं घातली, मागं आणखी माणूस बसावा म्हणून शीट वाढवली, आन् मागची चाकं ज्या दांड्यावर असतात तो कापून लांब करून घेतला. नाकापेक्षा मोती जड. आन् एक दिवस आला, काका, मागून कट कट कट वाजतंय, तोंडानं करून दाखवलं. ह्यांनी मागचं बेरिंग बघितलं, खराबच होतं, बदललं. परत आला, कट कट कट. ह्यांनी चेन नवी घातली. परत आला. मालक स्वतः चालवून बघायचे आन् म्हणायचे, आता गेला आवाज. अवं, तुमाला ऐकू येत नाय तर तो गेलाच म्हणायचा.

तिसऱ्या वेळेला प्रथमेश लाजत लाजत बोलला, काका, राग मानू नका, पनवेलला दाखवू का कुणाला? हे ओठ बघून समजले. जेवताना म्हणाले, बास झालं आता, गॅरेज बंद करतो, मोहोपाड्याला कंपनीत वॉचमनची ओळख हाय माझी. मी म्हटलं, वॉचमनला कान लागत नायत का? हसले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली, खरी भीती. हा माणूस ग्रीसचा वास अंगाला नसला तर आजारी वाटतो, तो गेटावर खुर्ची टाकून बसला तर वाळून जाईल.

सकाळी मी म्हटलं, काढा ती गाडी, मी मागं बसते. लुगडं खोचलं आन् बसले. ढाब्यावरची पोरं शिट्ट्या मारायला लागली, ते तेवढं बरं, ह्यांना ऐकू गेलं नाय. कच्च्या रस्त्याला लागलो आन् आला आवाज. मी कानात ओरडते, वाजतंय, वाजतंय, तर हे म्हणतात, काय, पाणी पायजे? मंग मी काय केलं, जसा आवाज येईल तशी त्यांच्या पाठीवर बोटानं ठोकत गेले. कट, कट, कट. त्यांनी गाडी हळू केली, ठोका हळू झाला. उतारावर न्यूट्रल केली, ठोका चालूच. तेवढ्यावर ते ओरडले, इंजिनचा नाय गं हा, चाकाकडचा हाय! खड्ड्यात गाडी दबली की मी जोरात ठोकायची, वर आली की हळू. असं दोन-चार खड्ड्यांत झालं आन् त्यांनी गचकन ब्रेक मारला.

म्हणाले, उतर. उतरले. चेनला हात लावला, सैल. म्हणाले, बस. बसले. चेन तारेसारखी ताठ. उतर, बस, उतर, बस, भर रस्त्यात माझी कवायत चाललेली आन् हे लहान पोरासारखे खूष. भानगड काय, दांडा लांब केलेला, वर माणसं बसली की तो खाली दबतो आन् चेन ओढली जाऊन दात्यांवर वाजते. हे चेन लावायचे मोकळ्या गाडीवर आन् चालवून बघायचे एकटे. म्हंजे आवाज यायला माझं वजन पण लागलं. म्हटलं, बघा, खाऊन पिऊन सुखी बायको असली की असा फायदा होतो.

मंग ह्यांनी मला आन् प्रथमेशला गाडीवर बसवून ठेवलं आन् तशी चेन लावली, ती कमीजास्त ताणली जाते म्हणून तिला दाबून धरायला खाली एक छोटी फिरकी बसवली. प्रथमेशनं माळावर फिरवून आणली, आवाज नाय. खूष होऊन म्हणाला, काका, मानलं, कसं ऐकलंत? मी नेहमीसारखी मधी पडणार होते, अरं त्यांचे कान तीक्ष्ण हायत, असं तोंडावर आलं होतं, तर हे माझ्याआधी बोलले. म्हणाले, मला ऐकू येत नाय रं. लय वर्षं झाली. हिनं ऐकलं. ढाबेवाला उभा, टेंपोवाला उभा, सगळ्यांसमोर. माझ्या डोळ्याला पाणीच आलं. प्रथमेश मोबाईल काढून म्हणाला, काकी, तुमचा नंबर द्या, आता फोन तुमालाच करतो.

तेव्हापासून आमी दोघं जातो, मी मागं बसून पाठीवर ठोकते, हे पुढं बसून ओळखतात. मूठ उघडली तरी गिऱ्हाईक काय तुटलं नाय. डॉक्टरकडं पण गेले शेवटी, कानाचं मशीन आणलं. पण गॅरेजमध्ये आले की ते काढून डबीत ठेवतात, म्हणतात, यात सगळ्या गाड्यांचा एकच चिवचिवाट होतो, गाडीचं तूच ऐक. आन् घरी आले की हातपाय धुऊन, नीट बसून, आठवणीनं मशीन कानात घालतात. म्हणतात, बोल आता. काय सांगू तुमाला, इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलंय माझं. देवानं त्यांना आयुष्य द्यावं, माझं बोलणं संपेपर्यंत तरी.